गाडी खाली बसली, चाकं वाकडी झाली!

मुलांनो, एसटी स्टँडजवळ, बाजारात किंवा तुमच्या गल्लीत उभी असलेली एखादी मोटार आज जरा समोरून बघा. रंग बघू नका, काचा बघू नका. गुडघ्यावर बसा आणि नुसती पुढची दोन चाकं बघा. ती तुम्हांला सरळ उभी दिसतील. एकमेकांना समांतर दिसतील. पण गंमत अशी की, ती बहुधा अगदी सरळही नसतात आणि अगदी समांतरही नसतात! गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरनं ती मुद्दाम, मोजूनमापून, केसभर तिरकी ठेवलेली असतात.

हा केसभर तिरकेपणा बरोबर आहे की नाही हे तपासायचं आणि चुकला असेल तर दुरुस्त करायचा, या कामाला म्हणतात 'व्हील अलाइनमेंट'. आमच्या सास्तूरहून उमरग्याला गेलं की सोलापूर-हैदराबाद हा मोठा रस्ता लागतो. अशा रस्त्यांवर टायरच्या दुकानांवर ही पाटी तुम्ही वाचली असेल. शेजारी 'बॅलन्सिंग' असंही लिहिलेलं असतं. पण ते काम वेगळं. त्यात चाकाचं वजन सगळीकडं सारखं आहे का, ते बघतात. आज आपण बोलणार आहोत ते अलाइनमेंटबद्दल.

आणि तेही एका खास कारणासाठी. हल्ली पुष्कळ दादालोकांना गाडी 'लोअर' करायचं वेड लागलंय. म्हणजे काय, तर गाडीच्या स्प्रिंगा बदलायच्या किंवा चक्क कापायच्या आणि गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली बसवायची. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते. मोबाइलवर फोटो छान येतो. पण गाडी खाली बसली की चाकांचं काय होतं? हे कळलं की तुम्हीच तुमच्या दादाला चार गोष्टी सांगू शकाल.

खाली बसवायचीच कशाला?

कडब्यानं भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. पेंढ्या पार आभाळापर्यंत रचलेल्या. अशी गाडी बांधावरून किंवा ओढ्याच्या उतारावरून नेताना गाडीवान किती जपून नेतो! एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी कलते आणि कधीकधी उलटतेही. त्याच बैलगाडीत तेवढ्याच वजनाची खताची पोती भरली तर ती इतक्या सहज उलटत नाही. वजन तेच, पण ते खाली आहे. शास्त्राच्या भाषेत, गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला.

शर्यतीच्या मोटारी म्हणूनच जमिनीलगत असतात. ३० ऑक्टोबर २०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या गाड्या जमिनीपासून इतक्या थोड्या उंचीवर पळतात की, आपल्याकडच्या एका गतिरोधकावर त्यांचं काम तमाम होईल! पण शर्यतीचा रस्ता तळहातासारखा सपाट असतो. शिवाय ती गाडी मुळातच तेवढ्या उंचीसाठी बनवलेली असते. तिचे दांडे, स्प्रिंगा, चाकांचे कोन सगळं त्या हिशेबानं ठरवलेलं असतं.

आपली घरची गाडी मात्र वेगळ्या उंचीसाठी बनवलेली असते. ती खाली बसवली म्हणजे सदरा तोच ठेवून फक्त एक बटण खालच्या काजात घातल्यासारखं होतं. मग पुढची सगळीच बटणं चुकतात.

चाकाचे तीन कोन

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन कोन बघतात. नावं इंग्रजी आहेत, पण अर्थ सोपे आहेत.

पहिला कोन टो. इंग्रजीत टो म्हणजे पायाचं बोट. काही माणसं पावलं आत वळवून चालतात, काही बाहेर फाकवून. चाकांचंही तसंच असतं. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा एकमेकांच्या जवळ आणि मागच्या कडा लांब असतील तर तो 'टो-इन'. उलट असेल तर 'टो-आउट'. गॅरेजात 'टोइन' हा शब्द हमखास ऐकू येतो.

दुसरा कॅम्बर. हा समोरून दिसतो. चाकाचा माथा गाडीकडं आत कललाय की बाहेर, ते कॅम्बर सांगतो. कुस्तीच्या आखाड्यात पैलवान पाय फाकवून उभा राहतो ना? पावलं रुंद, आणि वर पाय आत आलेले. चाकं तशी दिसली तर माथे आत कललेत असं समजा. त्याला 'निगेटिव्ह कॅम्बर' म्हणतात.

तिसरा कॅस्टर. तो कळायला आपली सायकल बरी. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, खाली पुढं झुकलेला असतो. त्यामुळं सायकल वेगात असताना हँडल आपोआप सरळ राहायला बघतं. मोटारीतही वळण संपल्यावर स्टेअरिंग आपलं आपण परत सरळ येतं, त्यात या कोनाचा मोठा वाटा असतो.

गाडी पुढून आणि मागून सारखीच खाली आली तर कॅस्टर फारसा बदलत नाही. बिघडतात ते पहिले दोन, टो आणि कॅम्बर. कसे, ते आता आपण गणितानं बघू. घाबरू नका! सातवी-आठवीत पायथागोरस शिकला असाल तर तेवढा पुरे. लहान असाल तर पुढचा प्रयोग करा. त्यात गणित लागत नाही.

करून पाहा: पुठ्ठ्याचं चाक

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा. एक ३० सेंटिमीटर, दुसरी २० सेंटिमीटर. एका मोठ्या पुठ्ठ्यावर एक उभी रेघ मारा. ती गाडीची बॉडी. प्रत्येक पट्टीचं एक टोक टाचणीनं त्या रेघेवर पक्कं करा. दोन्ही पट्ट्या आधी अगदी आडव्या धरा आणि मोकळी टोकं जिथं येतात तिथं पेन्सिलनं खूण करा.

आता दोन्ही पट्ट्यांची मोकळी टोकं ५ सेंटिमीटर वर उचला. पुन्हा खूण करा. काय दिसलं? दोन्ही टोकं नुसती वर गेली नाहीत, ती रेघेकडं थोडी आतही सरकली. आणि आखूड पट्टीचं टोक लांब पट्टीपेक्षा जास्त सरकलं.

गाडी खाली बसते तेव्हा अगदी हेच घडतं. चाक रस्त्यावरच असतं, बॉडी खाली येते. म्हणजे बॉडीच्या हिशेबानं चाक वर जातं. ३० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे चाकाला खालून धरणारा 'लोअर आर्म'. २० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे स्टेअरिंगकडून येऊन चाक वळवणारा 'टाय रॉड'.

आता हिशेब. ३० चा वर्ग ९००. त्यातून ५ चा वर्ग, म्हणजे २५ वजा केले, राहिले ८७५. त्याचं वर्गमूळ साधारण २९.५८. म्हणजे लोअर आर्मचं टोक सुमारे ४ मिलिमीटर आत आलं. टाय रॉडचं करा: ४०० वजा २५ बरोबर ३७५. वर्गमूळ १९.३६. म्हणजे त्याचं टोक ६ मिलिमीटरहून जरा जास्त आत आलं. दोन्हींत फरक पडला सुमारे २ मिलिमीटरचा.

तुम्ही म्हणाल, दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? थांबा. टाय रॉड चाकाला जिथं धरतो ती जागा चाकाच्या वळायच्या बिंदूपासून फार लांब नसते. समजा १२ सेंटिमीटर आहे. तिथं २ मिलिमीटर ओढलं गेलं की ६० सेंटिमीटरच्या चाकाच्या दोन कडांत तोच फरक पाचपट होतो. म्हणजे तब्बल एक सेंटिमीटर! स्टेअरिंगला कुणी हातही लावला नाही आणि चाक वळून बसलं. टाय रॉड चाकाच्या पुढच्या बाजूला असेल तर टो-इन वाढतो, मागच्या बाजूला असेल तर टो-आउट.

हे आकडे आपल्या पुठ्ठ्याच्या गाडीचे आहेत. खऱ्या गाडीत इंजिनिअर दांड्यांची लांबी आणि जागा अशा निवडतात की, मूळ उंचीच्या आसपास दोन्ही टोकं जवळजवळ बरोबरीनं सरकावीत. गाडी खाली बसवली की ती बरोबरी मोडते.

आणखी एक गंमत. पट्टी आणखी ५ सेंटिमीटर वर उचला, म्हणजे एकूण १०. आता ९०० वजा १००, म्हणजे ८००. वर्गमूळ २८.२८. पहिल्या पाच सेंटिमीटरला लांब पट्टी ४ मिलिमीटर सरकली होती, पुढच्या पाचला १३ मिलिमीटर सरकली! 'अजून थोडीच खाली घेऊ' असं म्हणणाऱ्या दादाला हा आकडा जरूर दाखवा.

कॅम्बरचंही असंच. जुन्या पद्मिनी गाडीसारखी रचना असेल तर चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन दांडे धरतात. वरचा दांडा खालच्यापेक्षा आखूड असतो. आखूड दांड्याचं टोक जास्त आत येतं, हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे चाकाचा माथा आत कलतो. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत वरचा दांडा नसतो. त्याजागी शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब असतो. तोही गाडी खाली बसली की बहुधा चाकाचा माथा आतच ओढतो.

एका किलोमीटरला किती घासतं?

दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांतल्या अंतरात मिळून १२ मिलिमीटरचा फरक पडला असं धरा. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ६ मिलिमीटर. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर. ६ भागिले ६००, म्हणजे शंभरात एक. याचा अर्थ काय? चाक १०० मीटर पुढं गेलं की त्याला १ मीटर बाजूला जायचं असतं. पण दुसऱ्या बाजूचं चाक त्याला उलट ढकलत असतं. मग ते बाजूला जात नाही, रस्त्यावर आडवं घासत जातं. एका किलोमीटरला १० मीटर. शंभर किलोमीटरला एक अख्खा किलोमीटर!

खोडरबर कागदावर पुढं ढकलता ढकलता किंचित तिरका धरा. त्याचा चुरा कसा पडतो बघा. टायरचं तसंच होतं. त्यातच कॅम्बर बिघडून माथा आत कललेला असला तर सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर येतो आणि तीच कड झिजते. ही कड बाहेरून दिसत नाही. बाहेरून टायर नवंकोरं दिसतं!

गेल्या उन्हाळ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. गावातला एक तरुण शहरात नोकरीला आहे. त्यानं जुनी गाडी घेतली, स्प्रिंगांचे वेढे कापून ती खाली बसवली आणि आई-बहिणीला घेऊन लग्नाला गावाकडं आला. वाटेत गाडी थरथरते म्हणून आम्ही ती एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं, खाली बसले आणि टायरच्या आतल्या बाजूला बोट लावलं.

"गुरुजी, हे बघा."

मी वाकून पाहिलं. आतल्या कडेचं रबर संपलं होतं. बारीक तारा उघड्या पडल्या होत्या.

"स्प्रिंगा कापल्यावर अलाइनमेंट केली होती का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही मामा. गाडी तर एकदम सरळ पळत होती," तो म्हणाला.

"सरळच पळणार! हे चाक इकडं ओढतंय, ते चाक तितकंच तिकडं ओढतंय. दोन बैल दोन दिशांना ओढायला लागले तर गाडी मधूनच जाईल. पण बैलांचं काय होईल?"

तो गप्प झाला. ऐंशीच्या वेगानं येताना हे टायर फुटलं असतं तर? गाडीत मागं आई बसली होती. त्याच दिवशी दोन टायर बदलले. नंतर त्यानं मूळच्या मापाच्या स्प्रिंगा मागवून बसवल्या आणि मगच अलाइनमेंट करून घेतली.

मुलांनो, मिस्त्रींचं ते एक वाक्य लक्षात ठेवा. गाडी सरळ पळते याचा अर्थ चाकं बरोबर आहेत असा नाही.

अलाइनमेंट कशी करतात?

आधी बाकीची तपासणी. चारही टायरांत हवा ठरलेल्या मापाची हवी. एका चाकात हवा कमी असली तर सगळी मापं खोटी येतात. मग बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडचे एंड ढिले आहेत का ते बघतात. ढिल्या सांध्यावर अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगत्या बाकावर शुद्धलेखन काढणं! नव्या स्प्रिंगा बसवल्या असतील तर गाडी काही दिवस चालवून त्या नीट बसू देतात. नाहीतर आज मोजलेली उंची आठवड्यानं बदलते.

त्यानंतर गाडी सपाट जागेवर उभी करतात, स्टेअरिंग सरळ करून पक्कं करतात. मागची चाकं आधी तपासतात. कारण मागची चाकं तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि मग पुढची कितीही नीट केली तरी उपयोग नाही.

पुढच्या चाकांत क्रम ठरलेला असतो. आधी कॅम्बर आणि कॅस्टर, सगळ्यांत शेवटी टो. का बरं? कारण कॅम्बर बदलला की टो बदलतो. पण टो थोडाफार बदलला तर कॅम्बरला फारसा धक्का लागत नाही. म्हणून जे सगळ्यांवर अवलंबून असतं, ते शेवटी.

कॅम्बर बदलायला काही गाड्यांत खास बोल्ट असतात, काहींत पातळ पत्र्याच्या चकत्या. पण पुष्कळ लहान गाड्यांत कारखान्याकडून फक्त टो बदलायचीच सोय असते! कारण मूळ उंचीवर कॅम्बर बिघडायचं कारणच नसतं. अशी गाडी खाली बसवली तर कॅम्बर जागेवर आणायला वेगळे सुटे भाग लागतात. स्प्रिंगा कापताना हा खर्च कुणी धरत नाही.

टो बदलायला टाय रॉडचा लॉकनट ढिला करतात आणि रॉड फिरवून त्याची लांबी कमी-जास्त करतात. डावीकडं जितका फेर, तितकाच उजवीकडं. नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं, अशी तऱ्हा होते. शेवटी लॉकनट पुन्हा घट्ट आवळतात.

मोठ्या दुकानांत चारही चाकांना चकत्या लावतात, कॅमेरे त्यांच्याकडं बघतात आणि संगणकाच्या पडद्यावर कोन दिसतात. पण जुने मिस्त्री हेच काम दोरीवर करत. गाडी उचलून चाक गरगर फिरवायचं आणि खिळ्यानं टायरवर मधोमध बारीक रेघ ओढायची. दोन्ही चाकांवर अशा रेघा झाल्या की गाडी खाली घ्यायची, चार पावलं पुढं ढकलायची आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून एकाच उंचीवर मोजायचं. पुढचं अंतर कमी तर टो-इन. एवढं सोपं! यातली मेहनत आहे ती नीट मोजण्यात.

(हा प्रयोग तुम्ही करायचा नाही. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली किंवा गाडीजवळ मुलांनी कधीही जायचं नाही.)

अलाइनमेंटनं सगळं भरून येतं का?

नाही! हे फार कमी लोक सांगतात. अलाइनमेंट करतात ती उभ्या गाडीची. पण गाडी चालताना प्रत्येक खड्ड्यात चाक वर-खाली होत असतं. खाली बसवलेल्या गाडीत ते दोन दांडे आता तिरके असतात. त्यामुळं चाक वर-खाली झालं की टो दर वेळी बदलतो. म्हणजे खड्डा आला की गाडी स्वतःच थोडी वळते! उसाच्या दिवसांत समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतोय आणि तेवढ्यात आपली गाडी स्वतःच्या मनानं वळली, तर?

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. समजा काम करणारे आठ वेढे आहेत आणि त्यातले दोन कापले. राहिले सहा. आठ भागिले सहा, म्हणजे स्प्रिंग एक-तृतीयांशानं जास्त कडक झाली. आणि कुणी ती गॅसच्या ज्वाळेवर तापवून दाबली तर आणखी वाईट. आपले लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतात, माहीत आहे ना? स्प्रिंगच्या पोलादालाही तसंच पाणी दिलेलं असतं. तापवलं की ते पाणी उतरतं आणि स्प्रिंगचा दम जातो.

आता गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाप्रमाणं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. असा पसरट गतिरोधक गाडीला फार त्रास देत नाही. पुढची आणि मागची चाकं २.४ मीटर अंतरावर असतील तर दोन्ही चाकं त्याच्या उतारावर चढलेली असताना मधला उंचवटा त्यांच्यापेक्षा फक्त ४ सेंटिमीटर वर येतो. पण आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी गतिरोधक म्हणजे मातीच्या बांधासारखा अरुंद उंचवटा! त्यावर दोन्ही चाकं खाली सपाटीला आणि उंचवटा गाडीच्या पोटाखाली. तिथं सगळेच्या सगळे १० सेंटिमीटर मोजावे लागतात. गाडीचं पोट मुळात जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर. त्यातून ५ खाली बसवले, राहिले १२. पाच माणसं आणि सामान भरलं की आणखी दोन-चार गेले. खाड्कन आवाज आला तर नवल काय?

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

थोडा इतिहास

चाकं नीट वळावीत यासाठी माणूस मोटारीच्या आधीपासून डोकं चालवतोय. घोडागाडी वळताना आतल्या चाकाला छोटा फेरा घ्यावा लागतो, बाहेरच्याला मोठा. म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या कोनात वळायला हवीत. जर्मनीत म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिरानं १८१७ मध्ये तशी युक्ती काढली. लंडनमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ ॲकरमन यानं घेतलं आणि नाव झालं ॲकरमनचंच! आजही त्या रचनेला ॲकरमनचं नाव आहे.

शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र करून उभा खांब बनवणारा इंजिनिअर म्हणजे अमेरिकेतला अर्ल मॅकफर्सन. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये दाखवलेल्या फोर्ड कॉन्सुल गाडीत ही रचना होती. पुढं ती जगभर पसरली. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडं आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही हीच रचना होती.

आणि आपल्या शेजारच्या सोलापूरचा मान विसरू नका. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून गाजलेली पद्मिनी याच कंपनीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी निवृत्त झाली.

ओळंबा घ्या आणि बघा

आमच्या सास्तूरच्या मुलांना ओळंबा काही नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर या भागातली गावंच्या गावं नव्यानं उभी राहिली. त्या बांधकामाच्या गोष्टी इथली मुलं घराघरांत ऐकत मोठी झाली आहेत. भिंत डोळ्यांना सरळ दिसली तरी गवंडी ओळंबा सोडून बघतोच. कारण डोळा फसतो, ओळंबा फसत नाही.

तुम्हीही एक करा. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा बनवा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून उभ्या असलेल्या घरच्या गाडीजवळ मोठ्या माणसाला घेऊन जा. चाकाच्या वरच्या कडेजवळ दोरा धरा. खाली टायरचा फुगवटा दोऱ्याला लागतो, म्हणून दोरा थोडा बाहेर धरा आणि चाकाच्या धातूच्या रिंगची वरची आणि खालची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते पट्टीनं मोजा. वरचं अंतर जास्त तर माथा आत कललाय. रिंग ३५ सेंटिमीटरची असेल तर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. दोन्ही पुढच्या चाकांची मापं लिहून घ्या. ती एकमेकांच्या जवळपास यायला हवीत.

मग टायरच्या आतल्या कडेवरून मोठ्यांना हात फिरवायला सांगा. आतली आणि बाहेरची नक्षी सारखीच खोल लागते का, विचारा. लागत नसेल तर गाडी लवकर गॅरेजात न्यायला लावा. तुमचं ऐकलं नाही, तर त्यांना पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या दाखवा!

डोकं चालवा

१. लोअर आर्म ३० ऐवजी ४० सेंटिमीटर लांब असेल आणि टोक ५ सेंटिमीटर वर गेलं, तर ते किती मिलिमीटर आत सरकेल?

२. दोन्ही चाकांत मिळून ३ मिलिमीटर टो-इन आहे. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर. एका किलोमीटरला प्रत्येक चाक किती मीटर आडवं घासेल?

३. बैलगाडीला टाय रॉड नसतो. मग बैलगाडी वळते कशी? घरी आजोबांना विचारा आणि चित्र काढा.

(उत्तरं: १. सुमारे ३ मिलिमीटर. २. अडीच मीटर. ३. हे उत्तर आजोबांकडूनच घ्या!)